कुठला पाय?

बुधवारी संध्याकाळी बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी ड्रोव्हर्सनी चौथ्या नंबरवर डेसमंड प्रायसचं नाव घेतलं नाही, तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या गजभियांच्या घरात बुद्धभूषणांच्या हातातून टीव्हीचा रिमोट निसटला. बॅटऱ्या सोफ्याखाली गेल्या. त्यामुळे समालोचकांचा आरडाओरडा त्यांना पूर्ण आवाजात ऐकावा लागला. सात फूट एक इंचाचा, एकोणीस वर्षांचा सेंटर, देशातल्या झाडून सगळ्या याद्यांवर तिसरा नाहीतर चौथा. त्याला सोडून ड्रोव्हर्सनी एक किरकोळ गार्ड उचलला होता, ज्याचं नाव समालोचकालाही धड उच्चारता येईना. पाच मिनिटांनी पाचव्या नंबरवर सेंट लुइस पायलट्सनी डेसमंडला घेतलं.

ड्रोव्हर्सच्या स्काउटिंगचा, म्हणजे नवे खेळाडू हेरण्याच्या कामाचा, डायरेक्टर म्हणजे त्यांचा मुलगा जय. पायलट्सची असिस्टंट जनरल मॅनेजर म्हणजे त्यांची मुलगी प्रणिता.

"सरला, हे काय केलं यानं?" बुद्धभूषण म्हणाले. "हातात आलेला पोरगा बहिणीच्या ताटात वाढला!"

सरलाबाई सोफ्याखाली वाकून बॅटऱ्या शोधत होत्या. त्या बराच वेळ शोधत राहिल्या.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे बुद्धभूषण नागपुरातल्या भावांना दर वर्षी फोनवर समजावून सांगायचे. बाजारात नव्यानं येणाऱ्या पोरांची ही वाटणी. मागच्या हंगामात जो संघ जास्त हरला, त्याला बहुधा आधी हात घालायला मिळतो. नंबर चुकीच्या पोरावर घालवला, की संघ पाच वर्षं मागे. मिसुरी राज्याच्या दोन टोकांचे हे दोन संघ तर एकमेकांच्या जिवावर उठलेले. पायलट्स म्हणजे नदीवरच्या जुन्या बोटींचे सुकाणूवाले, ड्रोव्हर्स म्हणजे गुरं हाकणारे. बुद्धभूषण त्यांना नावाडी आणि गुराखी म्हणत. आपल्या दोन पोरांच्या डोक्यांतून हे संघ घडतायत, याचा त्यांना इतका अभिमान होता की फ्रिजवर त्यांनी तक्ताच लावला होता: कुठला खेळाडू कुणाच्या हट्टानं आला, कोण कुणी सोडला.

हट्ट दोघांचेही होते, पण तऱ्हा वेगळी. चार वर्षांपूर्वी प्रणितानं पायलट्सचे दोन नावाजलेले, पण गुडघे झिजलेले खेळाडू देऊन टाकायला लावले आणि त्या बदल्यात पुढच्या ड्राफ्टचे नंबर घेतले. सेंट लुइसच्या लोकांनी तिला रेडिओवर मनसोक्त शिव्या घातल्या. दोन वर्षं संघानं मार खाल्ला, तिसऱ्या वर्षी प्लेऑफ गाठला, मागच्या वर्षी दुखापतींनी पुन्हा खाली आला. जय आकडे बघायचा, पण सराव संपल्यावर पोरगा पाण्याची बाटली आधी कुणाला देतो, हेही बघायचा. एकाच ड्राइव्हवेवर, एकाच बास्केटखाली शिकलेली ही दोन पोरं.

आणि म्हणूनच बुद्धभूषणांनी घरात आर्यमौन सुरू केलं होतं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, त्याला आर्यमौन म्हणतात. तेच त्यांनी जून महिन्याला लावलं. एक जूनपासून ड्राफ्ट होईपर्यंत भाऊ-बहिणीनं एकमेकांना फोन करायचा नाही, आणि घरात बास्केटबॉलचा शब्द काढायचा नाही. पाच वर्षं ते निष्ठेनं पाळलं गेलं, असं बुद्धभूषणांना वाटत होतं.

रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. दोन्ही मुलं येणार होती.

---

रविवारी सकाळी इंटरस्टेट पस्तीस या हायवेवर आयोवाची मक्याची शेतं संपता संपत नव्हती. गाडी जयची बायको ज्ञानदा चालवत होती. दहा वाजता जयच्या फोनवर त्याच्या जनरल मॅनेजरचं नाव आलं, टॉम हॅलोरन. जयनं फोन कानाला लावला, चार वेळा 'येस' म्हणाला आणि ठेवला.

"काय झालं?"

"काल पायलट्सनी मेडिकल रिपोर्ट जाहीर केला. डेसमंडचे दोन्ही फूट एकदम क्लीन. दुपारी तो सरावात डंक करताना दिसला. सगळ्या इंटरनेटवर तेच चालू आहे." जय समोर बघत बोलत होता. "टॉमला आठवलं, की मी मीटिंगमध्ये म्हणालो होतो, माझ्याकडे आतली बातमी आहे. सोर्स आहे. त्याचं नाव मागतोय. चार वाजेपर्यंत. ओनरला उत्तर द्यायचंय त्याला."

"मग सांग ना नाव."

"कुणाचं सांगू? आईचं?"

गाडी रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावर गेली आणि खडखडली. ज्ञानदानं ती कशीबशी पुन्हा रस्त्यावर आणली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून थट्टा ओळखता येते, अशी तिची समजूत होती. ही थट्टा नव्हती.

"जून लागल्यावर आईचा फोन आला," जय म्हणाला. "म्हणाली, त्या मुलाला घेऊ नकोस, त्याचा फूट खराब झालाय. सेंट लुइसला वर्कआउट अर्धवट सोडून गेला. यू नो व्हॉट अ बॅड फूट मीन्स फॉर अ सेव्हन फुटर. पायातलं एक छोटं हाड मोडलं, की करिअर ओव्हर. आमच्या डॉक्टरांनी त्याला पास केलं होतं. मीच त्याला यादीत खाली ढकलला."

ज्ञानदा पुण्यात शिकलेली फिजिओथेरपिस्ट. सात फुटांच्या शरीराचं ओझं पावलातल्या केवढ्याशा हाडावर येतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिचं डोकं दुसरीकडेच धावलं.

"जय, ताईंनी मुद्दाम सोडली ही बातमी. ते काय म्हणता तुम्ही, स्मोकस्क्रीन. चौथा नंबर तुमचा, पाचवा त्यांचा. तू सोडलास की त्यांना मिळणार. आणि तुझ्यापर्यंत पोचवायला आईंपेक्षा भरवशाचं कोण?"

बुधवारपासून जय हाच विचार करत होता आणि आपण करत नाही असं स्वतःला सांगत होता. आता बायकोच्या तोंडून ऐकल्यावर त्यानं फोन मांडीवर उपडा ठेवला.

"ताई असं करणार नाही," तो मैलभरानं म्हणाला, पण त्यात काही जोर नव्हता.

---

प्रणिता विमानतळावरून आली ती निळी टोपी घेऊन. पायलट्सची टोपी, वर बोटीचं चित्र. बुद्धभूषणांनी ती लगेच डोक्यावर घातली.

"जय भीम, बाबा. हॅपी बर्थडे."

"जय भीम! रंग आपला आहे, म्हणून घालतोय. नाहीतर मी न्यूट्रल."

या घरात 'जय भीम' म्हटलं, की पाहुण्यांना वाटायचं धाकट्या मुलाला हाक मारली. हा विनोद जुना होता आणि दर वेळी जयच आधी हसायचा. आज तो खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला.

प्रणिताला ते दिसलं. बुधवारपासून तिला झोप कमी आणि आनंद जास्त होता, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटत होती. डेसमंडसाठी ती वर्षभर आपल्याच ऑफिसात भांडली होती. तो चौथ्यावर ड्रोव्हर्सकडे जाणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. जयनं त्याला का सोडला, ते तिला अजून कळत नव्हतं. धाकट्याला विचारावं कसं, ते विमानात तिनं तीनदा घोकलं होतं.

सरलाबाईंनी पाटवडी रस्सा केला होता, नागपुरी, डोळ्यांतून पाणी काढणारा. सगळे टेबलाशी बसले. बुद्धभूषणांनी आपल्याच वाढदिवसाचं छोटं भाषण सुरू केलं. त्यात चंद्रपूरचं वसतिगृह आलं, मिनेसोटातला पहिला हिवाळा आला, पेसमेकरच्या कंपनीतली पहिली नोकरी आली. जय पोळीचा तुकडा मोडून ताटात ठेवत होता. खात नव्हता.

"आणि आज माझी दोन्ही पोरं," बुद्धभूषण म्हणाले, "समोरासमोर लढतात, पण खोटं खेळत नाहीत."

"वेल प्लेड, ताई," जय म्हणाला.

त्याचा आवाज मोठा नव्हता, तरी भाषण तिथंच थांबलं.

"थँक्स," प्रणिता जपून म्हणाली. "जय, मला तुला विचारायचंच होतं, तू त्याला..."

"मला फसवलं असतंस तर चाललं असतं. दॅट्स द जॉब. पण आईला वापरलंस?"

"काय?"

"डेसमंडचा फूट. ती स्टोरी. आईच्या तोंडून माझ्यापर्यंत. इट वॉज ब्रिलियंट. मी नॅशनल टीव्हीवर मूर्ख ठरलो. आता टॉमला सोर्सचं नाव पाहिजे. चार वाजेपर्यंत. सांग, काय सांगू?"

प्रणिता हसली. हे इतकं वेडगळ होतं, की तिला खरंच हसू आलं.

"कुठला फूट? त्याच्या फूटला कधी काही झालंच नव्हतं! जय, आय नेव्हर सेड..." आणि ती मध्येच थांबली. तिचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण डोळे हळूहळू टेबलाच्या टोकाकडे वळले. "आई?"

---

बुद्धभूषण पंचाहत्तर वर्षं जगले होते आणि आपल्या घरात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे, असं समजून जगले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. सरलाबाईंच्या हातात रश्शाची पळी होती. ती त्यांनी पातेल्यात ठेवली नाही, कुणाला वाढलीही नाही.

"मी सांगितलं जयला," सरलाबाई म्हणाल्या.

"आर्यमौनात?" बुद्धभूषणांच्या तोंडून निघालं. एवढ्या सगळ्यात त्यांना आधी तेच सुचावं, याचं नंतर त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

"काय सांगितलंस?" प्रणितानं विचारलं.

"तू मला जे म्हणालीस ते. माझ्या मनचं एक अक्षर नाही. तू म्हणालीस, आई, त्या मुलाचा पाय दुखतोय, खेळ अर्धा टाकून गेला, आता माझं काय होणार. मी जयला म्हटलं, त्या उंच पोराचा पाय बरा नाही म्हणे, बघ बाबा."

"एक मिनिट," ज्ञानदा म्हणाली. टेबलाशी बसल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती, आणि तिचा आवाज बदलला होता. "आई, तुम्ही जयला 'पाय' म्हणालात? पाय, एवढंच?"

"मग काय म्हणणार? पायाला पायच म्हणतात."

"ताई, तुम्हीही आईंना 'पाय'च म्हणाला होतात?"

"हो."

"कुठला पाय? म्हणजे, कुठे दुखत होतं त्याला?"

प्रणितानं आपल्या मांडीच्या मागच्या बाजूला हात लावला. "इथे. हॅमस्ट्रिंग. जरासं ताणलं गेलं होतं. दोन दिवसांत बरा झाला. मला हॅमस्ट्रिंगला मराठीत काय म्हणतात ते येत नाही, म्हणून मी पाय म्हणाले!"

जयनं खुर्ची मागे सरकवली आणि टेबलाखालून आपलं मोज्यातलं पाऊल वर काढलं.

"माझ्यासाठी पाय म्हणजे हा," तो म्हणाला. "बाहेरून आलास, पाय धू. पाय पूस. सोफ्यावर पाय नको. आयुष्यभर आई हेच सांगत आली. पाय इज फूट."

"मांडी पण पाय, पोटरी पण पाय, टाच पण पाय," ज्ञानदा म्हणाली. "अरे देवा. मराठीत कमरेखाली सगळा पायच आहे."

बुद्धभूषणांना एकाएकी हसू फुटलं. हसू कसलं, उचकीच ती. कोट्यवधी डॉलरचे संघ, वीस-वीस डॉक्टर, कॉम्प्युटर, कॅमेरे, आणि निर्णय लागला तो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एका दोन अक्षरी शब्दावर. मग त्यांनी जयचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू गेलं.

"म्हणजे ताईनं काही केलं नाही," जय पुटपुटला. "सॉरी, ताई. आय ॲम सो सॉरी."

प्रणिता त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. बुद्धभूषणांना वाटलं, शब्दाचा घोळ सुटला, आता पोरगी शांत होईल. तिचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता.

"आई, तू का सांगितलंस त्याला?"

"अगं, माझ्या जिवाला घोर लागला. त्याची नवी जागा. पहिलाच मोठा निर्णय. मोडक्या पायाचा पोरगा घेऊन बसला असता, तर लोकांनी त्याला..."

"आणि मी?"

"तुझं तू निभावतेस गं. पहिल्यापासून. तुझी मला काळजी नसते."

हे सरलाबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या. बुद्धभूषणांनाही आधी ते कौतुकच वाटलं.

"मी तुला टीमची बातमी दिली नव्हती, आई," प्रणिता म्हणाली. "मी घाबरले होते. एक वर्ष सगळ्यांशी भांडून मी त्या मुलाचं नाव लावून धरलं होतं. त्या दिवशी तो लंगडत बाहेर गेला आणि मला वाटलं, संपलं. घरी कोणी नाही माझ्या. डिव्होर्सपासून मी कुणाशी बोलत असेन तर ती तुझ्याशी. मी रडत होते फोनवर. आठवतंय?"

"आठवतंय."

"नंतर तू जयला फोन केलास. किती वेळानं?"

सरलाबाईंनी पळी खाली ठेवली. खोटं बोलायला एवढी साधी जागा होती, पण त्यांना ते जमत नसे.

"लगेच," त्या म्हणाल्या.

---

साडेतीन वाजले तरी ताटं तशीच होती. चारही जण दिवाणखान्यात आले आणि चार कोपऱ्यांत बसले. सरलाबाई स्वयंपाकघरात राहिल्या. नळ चालू होता, भांड्यांचा आवाज मात्र येत नव्हता.

"सरळ आहे," ज्ञानदा म्हणाली. तिनं आवाज खाली ठेवला होता. "जय, तू खरं काय ते टॉमला सांग. तू काही चोरलं नाहीस. तुझ्या कानावर आलं. खेळाडूच्या मेडिकलबद्दल घरी बोलल्या त्या ताई. ताई, मला माफ करा, येताना गाडीत मी तुमच्याबद्दल वाईट बोलले, पण नवऱ्याची बाजू मी घेणारच."

"घे," प्रणिता म्हणाली. "बरोबर आहे तुझं. माझ्या काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय. खेळाडूचं मेडिकल बाहेर गेलं, तर त्याच दिवशी घरी. सांग तू, जय. माझं नाव सांग."

"आर यू क्रेझी?"

"मी बोलले ना? मग सांग."

जय बापाकडे वळला. "बाबा?"

बुद्धभूषणांच्या डोक्यावर अजून निळी टोपी होती. त्यांनी ती काढली आणि मांडीवर ठेवली. मुलाची बाजू घ्यावी तर मुलीची नोकरी जाते, मुलीची घ्यावी तर मुलाची.

"मी एवढंच सांगतो," ते म्हणाले. "खोटं बोलायचं नाही. सम्यक वाचा आम्ही लहानपणी तुम्हाला शिकवली, ती काय भिंतीवर टांगायला? कुणी विचारलं, सोर्स होता का, तर नव्हता म्हणायचं नाही. खोटं बोलून नोकरी वाचवलेली मला चालणार नाही."

"खोटं नाही बोलणार."

चारला दोन मिनिटं कमी असताना जयनं फोन लावला. बाहेर जायला हवं होतं, पण तो सगळ्यांसमोर उभा राहिला. इंग्रजीत बोलला, सावकाश.

"टॉम, जय. हो, एक माणूस होतं. नाही, नाव सांगणार नाही." तो थांबला. पलीकडून आवाज चढला, इथपर्यंत ऐकू आला. "मला माहीत आहे. डॉक्टरांनी त्याला पास केलं होतं. मी त्यांच्याऐवजी एका ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि ती मला नीट कळलीही नव्हती. यादीत त्याला मी खाली ढकललं. मी एकट्यानं. त्यात कुणीही मला फसवलं नाही." पुन्हा थांबला. "हो. समजलं. थँक यू फॉर एव्हरीथिंग."

त्यानं फोन खिशात टाकला.

"मंगळवारी सामान न्यायचं," तो म्हणाला.

ज्ञानदानं तोंडावर हात ठेवला. बारा वर्षं. कॉलेजच्या जिममध्ये विनापगारी व्हिडिओ कापण्यापासून सुरुवात केलेली. दोन मिनिटांत.

"मूर्खा!" प्रणिता उठून उभी राहिली. ती रडत होती आणि ओरडत होती. "मी सांग म्हणाले ना! तुला कुणी सांगितलं होतं हिरो व्हायला?"

"ताई, ऐक. आईचा फोन आला तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं? 'आई, स्टॉप, जून आहे.' मी काय म्हणालो माहितेय?" जयनं डोळे पुसले. "मी म्हणालो, 'अजून काय म्हणाली?' मला कळत होतं, हे तुझं आहे. तू मला दिलेलं नाही. म्हणून तर मी विचारलं नाही, कुठला पाय. विचारलं असतं तर चोरतोय असं वाटलं असतं. न विचारता चोरलं, की चोरी वाटत नाही."

प्रणितानं त्याला जवळ ओढलं. हा सहा फूट तीन इंचाचा धाकटा तिच्या खांद्यावर वाकला. ज्ञानदा दोघांकडे बघत राहिली. तिला प्रणिताचा राग धरायचा होता, पण तो कुठे धरावा ते तिला कळेना.

---

सरलाबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. जयची नोकरी गेली, हे त्यांना ऐकू आलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. ज्याला वाचवायला गेल्या त्यालाच बुडवलं. हे दुःख मोठं होतं, सरळ होतं, त्यांना कळत होतं. जयला दुसरी नोकरी लागेल. पोरगा हुशार आहे. तो मघाशी आत येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेला होता, "इट्स ओके, आई" म्हणून.

साडेपाचला प्रणिताची गाडी येणार होती. सरलाबाईंनी डबा भरला. पाटवडी वेगळी, रस्सा वेगळा, झाकणाला दोनदा प्लॅस्टिक गुंडाळून. त्या दारापाशी आल्या तेव्हा प्रणिता बूट घालत होती.

"विमानात नेऊ देतील ना रस्सा?"

"नाही नेऊ देणार, आई. लिक्विड आहे."

"मग वडी तरी ने."

प्रणितानं वडीचा डबा घेतला. तिचे डोळे सुजले होते, केस विस्कटले होते. चाळीस वर्षं सरलाबाईंनी हा चेहरा वाचला होता. शाळेत कुणी जातीवरून बोललं की, मॅच हरली की, नवरा सोडून गेला तेव्हा. दर वेळी त्या एवढंच विचारायच्या आणि पोरगी घळाघळा सगळं सांगून मोकळी व्हायची.

"चुकलं माझं, प्रणू," त्या म्हणाल्या.

"माहितेय मला."

"रागावलीस?"

"नाही गं."

"मग अशी का दिसतेस? झोप होते का नीट? बोल ना, काय चाललंय मनात?"

प्रणितानं मान वर केली. ती हसली. नीट, प्रसन्न, दात न दिसणारं हसू. सरलाबाईंनी ते टीव्हीवर पाहिलं होतं; पत्रकारांनी दुखापतींबद्दल विचारलं, की ती असंच हसायची.

"काही नाही, आई. बरी आहे मी. सगळं छान आहे."

सरलाबाई थांबल्या. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबल्या. दर वेळी यायचं. प्रणितानं बॅग उचलली, बाबांना मिठी मारली, जयच्या डोक्यावर टपली मारली, ज्ञानदाचा हात दाबला आणि आईच्या गालाला गाल लावून निघून गेली.

पुढच्या रविवारी फोन आला. नेहमीच्या वेळेला आला, मिनिट इकडचं तिकडे नाही. सेंट लुइसला उकाडा होता. बाबांचं ब्लडप्रेशर कसं आहे, ते विचारून झालं. काम छान चालू होतं. चार मिनिटांत फोन संपला.

"काय म्हणाली प्रणिता?" बुद्धभूषणांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं.

सरलाबाईंनी आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं.